पाळलेला मँटिस, मीलन आणि आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती ते दिवाळी या काळात इंदुरात दिव्यांभोवती मँटिस, म्हणजे प्रार्थनाकीटक, दिसू लागतात. शाळकरी मुलं ते बरणीत भरतात, आणि महिन्याभरात घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो: जोडी लावली तर मरेल का? खालचे प्रश्न सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग अशा भागांतल्या मराठी घरांतून सतत येत असतात. उत्तरं मुख्यतः हायरोडुला या मोठ्या हिरव्या मँटिसला धरून दिली आहेत, कारण आपल्याकडे पाळला जातो तो बहुतेक वेळा हाच. फुलमँटिस किंवा झाडाच्या सालीवर राहणाऱ्या जातींना मूळ तत्त्व तेच लागू पडतं, दिवसांचा हिशेब मात्र बदलतो.

जोडी लावली की मादी लवकर मरते का?

लोक समजतात तशी मरत नाही. शेवटची कात टाकून पंख आले की हायरोडुलाच्या मादीच्या हातात साधारण चार ते सहा महिने असतात. या दिवसांत तिचं शरीर एकाच कामाला जुंपलेलं असतं: अंडी तयार करणं. कोंबडी जशी कोंबड्यावाचूनही अंडी घालते, तशी ही मादी नर भेटला नाही तरी अंड्यांचे पुडे घालते. त्या पुड्यांतून पिल्लं निघत नाहीत, एवढंच. पण त्यांवर खर्च झालेली ताकद तीच असते, आणि आयुष्याला झीज लावते ती हीच ताकद.

फरक अजिबात पडत नाही असंही नाही. मीलनानंतर अंडी घालण्याला वेग येतो, हे कीटकांच्या जगात सर्रास दिसतं. जोडी लावलेली मादी पुडे लवकर आणि नेमाने घालू लागली, तर तिचा शेवट थोडा आधी येऊ शकतो. पण हा फरक काही आठवड्यांचा. ‘जोडी लावली आणि दुसऱ्या दिवशी मेली’ अशी तक्रार आली, तर आम्ही आधी विचारतो की ती किती महिन्यांची होती. बहुतेक वेळा उत्तरातच कारण सापडतं: ती आधीच म्हातारी होती.

मग तिला नराशिवाय ठेवली तर वर्षभर जास्त जगेल?

नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत हायरोडुलाच्या मादीचं सगळं आयुष्य मिळून वर्षाच्या आसपास जातं. तिला ‘कुमारी’ ठेवून ते दुप्पट होत नाही. जोडी लावायची की नाही हे ठरवताना तिच्या आयुष्याचा विचार बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट स्वतःला विचारा: दीडशे पिल्लं सांभाळता येतील का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि खरी पंचाईत तिथेच होते.

आयुष्य नक्की ठरतं कशावर?

ऊब आणि खाणं. मीलनाचा नंबर त्यानंतर लागतो.

मँटिस थंड रक्ताचा. खोलीत जितकी ऊब, तितकं त्याचं शरीर वेगाने चालतं: लवकर पचतं, लवकर कात पडते, लवकर अंडी होतात आणि म्हातारपणही लवकर येतं. २४ ते २८ अंश सेल्सियसच्या दरम्यान त्याचं चांगलं चालतं. रोज पोट तट्ट होईस्तोवर खायला घातलेली मादी झपाट्याने वाढते, सुंदर गुबगुबीत दिसते आणि लवकर संपते. पंख आलेल्या मादीला दोन-तीन दिवसांआड एक झुरळ किंवा दोन-तीन माश्या पुरतात. पोट लांबट आणि भरलेलं असावं. मागे लोंबू लागलं, पंखांबाहेर फुगून आलं तर दोन दिवस उपास घाला. आपल्याकडे लाड म्हणजे खाऊ घालणं, त्यामुळे हे सांगितलेलं आज्यांना पटत नाही. पण मँटिसच्या बाबतीत मायेचा अतिरेक म्हणजे आयुष्यातून वजावट.

पाणीही विसरू नका. रोज किंवा एक दिवसाआड जाळीवर पाण्याचा बारीक फवारा मारा. तो थेंब चाटतो. वाटीतल्या पाण्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

नराचं काय? तो तर मरणारच ना?

नर तसाही कमी जगतो. मादीपेक्षा त्याच्या काती कमी पडतात, तो लवकर वयात येतो, आणि पंख आल्यावर दोन ते चार महिन्यांत त्याचं आयुष्य आटोपतं. मीलनाने तो आपोआप मरत नाही. मादीने खाल्लं नाही तर तो उतरतो, पुन्हा खातो-पितो, आणि काही दिवसांनी दुसऱ्या मादीला लावता येतो. एकाच नराने अनेक माद्या फळवल्याची उदाहरणं पाळणाऱ्यांकडे भरपूर आहेत.

म्हणजे नराच्या बाबतीत ‘मीलनाने आयुष्य किती घटतं’ या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत: जवळजवळ काहीच नाही, किंवा सगळंच. मधलं काही नाही. आणि यांतलं कुठलं उत्तर मिळणार हे बरंचसं तुमच्या हातात आहे, ते पुढे सांगितलंच आहे.

मादी नराला खातेच खाते, हे खरं आहे का?

खाते, पण ‘खातेच’ नाही. निसर्गात झालेल्या निरीक्षणांवरून साधारण १३ ते २८ टक्के भेटींत नर खाल्ला जातो. म्हणजे चारांतले साधारण तीन नर जिवंत परततात.

मग हा लौकिक आला कुठून? बराचसा बरणीतून. १८८६ साली लेलंड हॉवर्ड या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक टिपण लिहिलं. त्याने नर आणि मादी एकाच बरणीत सोडले होते. नर घाबरून पळू पाहत होता. मादीने त्याला पकडलं, आधी त्याचा डावा पुढचा पाय खाल्ला, मग डावा डोळा कुरतडला, मग डोकं. आणि एवढं होऊनही नर मीलनाचा प्रयत्न करत राहिला, आणि शेवटी त्याला ते साधलंही. वाचताना अंगावर काटा येतो, म्हणून ते लोकांच्या डोक्यात बसलं. पण बरणीत नर पळणार कुठे, हे कुणी विचारलं नाही.

१९८० च्या दशकात लिस्के आणि डेव्हिस यांनी चिनी मँटिसवर उलट पद्धतीने काम केलं. माद्यांना पोटभर खायला दिलं, जागा मोकळी दिली, माणसांचा वावर दूर ठेवला आणि कॅमेऱ्याने चित्रण केलं. त्यांना नराचं व्यवस्थित प्रियाराधन दिसलं. खाऊन टाकणं दिसलं नाही. २००६ मध्ये लेलिटो आणि ब्राउन यांनी दाखवलं की नरालाही धोका कळतो. मादी भुकेली असेल किंवा त्याच्याकडे तोंड करून असेल, तर तो हळू सरकतो, जास्त वेळ प्रियाराधन करतो आणि लांबूनच उडी मारतो.

जातीजातींत मात्र फार फरक आहे. दक्षिण आफ्रिकेतून न्यूझीलंडमध्ये पसरलेली मायोमँटिस कॅफ्रा ही जात घ्या. तिथे निम्म्याहून जास्त भेटींचा शेवट नराच्या मरणात होतो. बर्क आणि होलवेल यांनी २०२१ मध्ये या जातीबद्दल लिहिलं की नर मादीशी चक्क कुस्ती खेळतो. त्याने तिला आधी पकडलं तर तो बहुतेक वेळा सुटतो. तेव्हा परदेशी मँटिसचा व्हिडिओ पाहून आपल्या गॅलरीतल्या हायरोडुलाबद्दल निष्कर्ष काढू नका.

डोकं नसलेला नर मीलन करतो, ही थाप आहे ना?

थाप नाही. केनेथ रोडर यांनी १९३५ मध्ये याचा प्रयोग केला होता. नराच्या घशाखाली मज्जापेशींची एक गाठ असते, जी पोटाच्या टोकाच्या हालचालींना लगाम घालून ठेवते. डोक्याबरोबर ती गाठ गेली की लगाम सुटतो, आणि पोटाचं टोक वळत, चाचपडत जोडणीचा प्रयत्न करू लागतं. म्हणून डोकं गेल्यावरही काम पूर्ण होऊ शकतं. पण त्यावरून ‘डोकं खाल्ल्याशिवाय मीलन होतच नाही’ असा जो निष्कर्ष पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो, तो चूक. डोकं शाबूत असलेले नर रोज यशस्वी होतात.

नराला खाल्ल्याने मादीला फायदा होतो का? होत असेल तर खाऊ द्यावा का?

फायदा होतो, तोही मोजलेला आहे. विल्यम ब्राउन आणि कॅथरिन बॅरी यांनी २०१६ मध्ये चिनी मँटिसच्या नरांना किरणोत्सर्गी खूण केलेली अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) असलेलं खाद्य दिलं, मग त्यांना माद्यांना भेटू दिलं आणि ती खूण कुठपर्यंत पोहोचली ते तपासलं. खाल्ल्या गेलेल्या नरांकडून खुणेचा सुमारे ९० टक्के भाग मादीकडे गेला; निसटलेल्या नरांकडून, फक्त शुक्राणूंच्या पुडीतून, सुमारे २५ टक्के. नर खाल्लेल्या माद्यांनी नंतर सरासरी ८८ अंडी दिली, न खाल्लेल्यांनी ३७.

मादीला मिळते ती प्रथिनं, आणि ती अंड्यांत जातात. ‘नर खाल्ला म्हणून माझी मादी जास्त जगेल’ हे त्यातून निघत नाही. तेवढीच प्रथिनं दोन जाड झुरळांतूनही मिळतात, आणि झुरळ मेल्याचं दुःख घरात कुणालाच होत नाही. आमचं मत साफ आहे: पाळलेल्या नराचा बळी देण्याची काही गरज नाही.

नर-मादी ओळखायचे कसे? मुलगी म्हणते दोन्ही मादी आहेत.

पोटाची खालची बाजू बघा. मादीला सहा कडी दिसतात, शेवटचं मोठं. नराला आठ, टोकाकडची बारीक. चार-पाच काती झाल्यावर भिंग घेऊन मोजता येतात. मोठेपणी तर लांबूनही कळतं: नर सडपातळ, मिशा लांब, पंख पोटाच्याही पुढे गेलेले. रात्री दिव्यावर उडत येतो तो बहुतेक वेळा नरच; पोट भरलेली मादी उडण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही.

जोडी कधी लावायची?

मादीला शेवटच्या कातीनंतर तीन-चार आठवडे द्या, नराला दोन. घाई केली तर मादी तयार नसते, आणि तयार नसलेल्या मादीला नर म्हणजे फक्त खाद्य.

तयार झालेली मादी खूण देते. रात्री किंवा पहाटे ती जाळीला उलटी लटकते, पंख थोडे उचलते आणि पोटाचं टोक खाली वळवून ठेवते. त्या वेळी ती नरांसाठी गंध सोडत असते. पलीकडच्या डब्यातला नर अचानक येरझारा घालू लागला, मिशा ताठ करून हलवू लागला, तर समजा निरोप पोहोचला.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियातल्या सूडोमँटिस जातीत असं आढळलं की सगळ्यांत उपाशी, अंडी जवळजवळ नसलेल्या माद्यांकडेच सर्वांत जास्त नर ओढले गेले. म्हणजे गंध आला म्हणून मादी भरल्या पोटी असेलच असं नाही. पोट तुम्ही डोळ्यांनी बघा, नराच्या भरवशावर राहू नका.

एकाच पुड्यातली भावंडं आहेत. नर आधी मोठा झाला आणि मादीला अजून दोन काती बाकी आहेत. थांबू का?

थांबाल तर नर म्हातारा होईल. पाळणारे लोक यावर साधी युक्ती करतात: नराचा डबा घरातल्या गार कोपऱ्यात, खाणं बेताचं, मादीचा उबदार जागी, खाणं थोडं सढळ. नराचं वाढणं मंदावतं, मादी त्याला गाठते. हे सुरू करायचं ते नर लहान असतानाच, पंख आल्यावर नव्हे. भावंडांची जोडी एखाद्या पिढीला चालते, पण दरवर्षी तोच वंश पुढे चालवू नका. दुसऱ्या कॉलनीतला नर आणणं काही अवघड नाही.

प्रत्यक्षात जोडी कशी लावायची? नर वाचला पाहिजे.

आधी जागा. बरणी नको. मच्छरदाणीच्या कापडाचा निदान दीड-दोन फूट उंचीचा पिंजरा हवा. तयार मिळत नसेल तर लोखंडी तारेच्या चौकटीवर कापड शिवून घ्या. सीतलामाता बाजारात साडीबरोबर तेही मिळून जाईल. आत दोन-चार आडव्या-उभ्या काड्या, म्हणजे नराला मागून यायला वाट आणि पळायलाही वाट.

मादीला आधीचे तीन-चार दिवस रोज खाऊ घाला. एरवी उपास सांगणारे आम्ही इथे उलट सांगतो आहोत, कारण हे दिवस वेगळे आहेत. जोडी लावायच्या दिवशी तिला पिंजऱ्यात आधी स्थिर होऊ द्या, मग चिमट्याने एक मोठं झुरळ तिच्या हातात द्या. तिने खायला सुरुवात केली, तोंड आणि पुढचे पाय दोन्ही गुंतले, की नराला तिच्या पाठीमागे, हातभर लांब काडीवर सोडा. तिच्या समोर कधीच नाही.

मग बसा. नर तिला पाहतो आणि दगड होतो. अर्धा तास, कधी दोन तास काहीच घडत नाही आणि घरातली मंडळी कंटाळून निघून जातात. नीट बघितलं तर दिसतं की तो हलतो आहे: एक पाय पुढे, थांबला, वारा आला की त्या झुळकेत पानासारखा डोलत दुसरा पाय. जवळ गेला की मिशा थरथरतात, पोट मागेपुढे वळायला लागतं, आणि मग एकदम झेप. तिच्या पाठीवर पडल्यावर तो पुढच्या पायांनी तिच्या छातीला घट्ट धरतो आणि पोटाचं टोक बाजूने खाली वळवून जोडणी करतो. ही जोडणी बराच वेळ टिकते, काही वेळा रात्रभर. या काळात पिंजरा हलवू नका, खोलीत पंखा जोरात ठेवू नका, टॉर्च मारू नका.

सगळ्यांत धोक्याचा क्षण उतरण्याचा. काम झालं की नर एक तर उडून जातो किंवा घसरत खाली येतो, आणि मादी तेव्हा पुन्हा भुकेली असते. म्हणून सकाळी लवकर उठा, तिच्या हातात दुसरं झुरळ द्या आणि नर सुटला की झाडूच्या काडीवर घेऊन लगेच वेगळा करा. मादीच्या पोटाच्या टोकाला छोटी पांढरट पुडी दिसली तर काम झालं आहे. ती पुडी ती पुढे खाऊन टाकते किंवा पडते. ओढून काढू नका.

नराने दोन रात्री काहीच केलं नाही तर त्याला बाहेर काढा, खाऊ-पिऊ घाला आणि काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा. आठवडाभर दोघांना एकत्र सोडून देणं म्हणजे त्याला तिच्या ताटात वाढणं.

एकदा मीलन झाल्यावर पुन्हा लावावं लागतं का?

सहसा नाही. मादी शुक्राणू शरीरातल्या एका पिशवीत साठवून ठेवते आणि पुढच्या पुड्यांना तेच वापरते. तीन-चार पुड्यांनंतर पिल्लं कमी निघू लागली आणि मादी धडधाकट असेल, तर दुसरा नर लावतात. म्हातारीला मात्र पुन्हा त्रास देऊ नका.

अंड्यांचा पुडा घालताना ती मरेल का? तासन्‌तास हलत नाही.

पहिला पुडा मीलनानंतर एक ते तीन आठवड्यांत येतो. मादी डोकं खाली करून काडीला चिकटते, पोटाच्या टोकातून पांढरा फेस सोडते आणि ते टोक डावी-उजवीकडे फिरवत त्यात थरांनी अंडी बसवत जाते. दोन-चार तास लागतात. फेस वाळून तपकिरी आणि कडक होतो. हे चालू असताना हात लावला तर पुडा अर्धवट राहतो. घालून झालं की ती रिकामी, बारीक, दमलेली दिसते. पाणी फवारा आणि चांगलं खाऊ घाला. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. असे चार-पाच पुडे घालून मादी थकते, आणि तिचं आयुष्य कुठे गेलं हे विचारायचं असेल तर ते इथे गेलं.

काळजी करायची ती उलट वेळी. पोट कमालीचं फुगलंय, ती खात नाही आणि पुडाही घालत नाही, तर अंडी अडकल्याची शंका घ्या. बहुतेक वेळा कारण साधं असतं: तिला चढायला खडबडीत काडी नसते, किंवा हवा फार कोरडी असते. जाड फांदी द्या, ऊब वाढवा, पाण्याचा फवारा दिवसातून दोनदा मारा. पुडा बाहेर आला तर ठीक. नाही तर माणसाच्या हातात फार काही नसतं. ही तक्रार जोडी न लावलेल्या मादीलाही होते, म्हणून ‘नर नको, म्हणजे भानगड नको’ हा हिशेब चालत नाही.

बागेत सापडलेली मादी आहे. नराशिवाय तिने पुडा घातला आणि पिल्लं निघाली! चमत्कार?

चमत्कार नाही, पकडण्याआधीच तिचं मीलन झालेलं होतं. भाद्रपद-आश्विनात सापडणाऱ्या पंखवाल्या माद्या बऱ्याचदा फळलेल्या असतात. नराविना प्रजा होणाऱ्या जाती जगात आहेत: अमेरिकेतल्या ब्रनेरिया बोरियॅलिसचा नर कधी सापडलेलाच नाही, आणि वर सांगितलेली मायोमँटिस कॅफ्रा दोन्ही प्रकारे प्रजा वाढवते. तुमची हायरोडुला त्यांतली नाही.

बागेतली मादी लवकर मेली तर मीलनाला दोष देण्याआधी दोन शक्यता पाहा. एक, ती मुळात किती महिन्यांची होती ते तुम्हाला माहीत नव्हतं. दुसरी, काही मँटिसच्या पोटात केसासारखा लांब काळा जंत वाढतो. पोट फुगतं, मादी खाते पण अंडी देत नाही, आणि एक दिवस ओल्या जागी तो जंत वळवळत बाहेर येतो. बघणाऱ्याला रात्री झोप लागत नाही. माणसाला त्याचा धोका नाही.

पुड्यातून पिल्लांऐवजी बारीक, हिरवट चमकणाऱ्या गांधीलमाश्या निघाल्या तरी दचकू नका. पोडॅग्रिऑन नावाच्या त्या परजीवी माश्या मँटिसच्याच अंड्यांवर वाढतात. त्या बाहेरून आलेल्या पुड्यात असतात. घरात जन्मलेल्या आणि बारीक जाळीत राहिलेल्या मादीच्या पुड्यात नाही.

इंदूरच्या थंडीत काय करावं?

पौषात इथे रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो. तेवढ्याने मँटिस लगेच मरत नाही, पण १५ च्या खाली तो खात नाही आणि खाल्लेलं पचत नाही. गार रात्री भरल्या पोटी ठेवलेली मादी सकाळी काळवंडलेली दिसण्याचं हे नेहमीचं कारण. संध्याकाळनंतर खायला देऊ नका, डबा आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवा. बल्ब लावणार असाल तर पिंजऱ्याच्या बाहेर आणि एकाच बाजूला, म्हणजे नको असेल तेव्हा तिला दूर सरकता येईल. जोडी मात्र थंडीत लावू नका: मादी मंद असते, नर त्याहून मंद, आणि पुडा घालायला लागणारी ऊब घरात नसते.

वैशाखातली गोष्ट वेगळी. पारा ४० पार गेला की कूलरच्या खोलीत ठेवा, पण हवेच्या थेट झोतात नको.

खाद्य कुठून आणायचं? दुकानात मिळत नाही.

२०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरात माशी शोधत फिरणं हे आम्हा मँटिसवाल्यांचं नशीब. केळ्याची सालं झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत ठेवा, चिलटं आपोआप होतात. लहान पिल्लांना तीच लागतात. मोठ्यांसाठी दिव्यावरचे पतंग, नाकतोडे, झुरळं. शहराबाहेर सोयाबीनच्या शेताजवळ राहत असाल तर पावसाळ्यात पतंगांची चंगळ असते, पण फवारणी झाली असेल तर त्यांतलं काहीही देऊ नका. घरात झुरळांचं औषध मारलं असेल तरी तेच. मँटिस एका दिवसात दगावतो आणि दोष नराच्या माथी जातो.

पिल्लं किती निघतील आणि त्यांचं काय करायचं?

एका पुड्यातून शंभर ते दोनशे. ऊब असेल तर दीड महिन्याच्या आसपास. सगळी एकाच सकाळी, लोंबकळत. पहिल्या आठवड्यानंतर ती एकमेकांना खायला लागतात, म्हणून हवी तेवढी वेगवेगळ्या डब्यांत घाला. मादी इथलीच असेल तर बाकीची बागेत, झुडपांवर सोडा. परदेशी जाती मुळात मागवूच नका. जिवंत कीटक बाहेरून आणण्यावर केंद्र सरकारच्या २००३ च्या प्लांट क्वारंटीन (वनस्पती संगरोध) आदेशाचे निर्बंध आहेत, आणि निसटलेली परदेशी जात इथल्या मँटिसच्या पोटावर येईल ते वेगळंच.

रात्री तिचे डोळे काळे पडतात. मीलनामुळे?

नाही. अंधारात सगळ्याच मँटिसचे डोळे काळे होतात, सकाळी पुन्हा हिरवे. डोळ्यावर कायमचा तपकिरी डाग असेल तर तो काचेवर घासून झालेला. जाळी वापरा.

म्हातारपण आलं हे कसं ओळखायचं? तेव्हा काय करावं?

पावलांची टोकं झडतात, त्यामुळे जाळीवरची पकड सुटते आणि ती खाली पडू लागते. पंखांच्या कडा फाटतात, अंगावर काळपट डाग येतात, समोरच्या माशीवर घातलेली झडप चुकते. या टप्प्याला औषध नाही, सोय आहे. उंच पिंजऱ्यातून काढून तळाला मऊ कागद घातलेल्या बुटक्या डब्यात ठेवा. झुरळाचा तुकडा मोडून तोंडाशी धरा, टूथपिकच्या टोकावर मधाचं पाणी द्या. काही माद्या अशा महिनाभर राहतात. या दिवसांतही एखादा शेवटचा, वेडावाकडा, छोटा पुडा येतो. मादीचं मीलन झालेलं असेल तर तो फेकू नका, कारण त्यातूनही पिल्लं निघू शकतात.